शेपटाचं तिकीट

डावी हौदात पडली त्या दिवशी बघणारे सगळेच हसले, आणि सगळ्यांत मोठ्याने हसला तो तिचा नवरा.

डावी ही म्हाताऱ्या दोरवाल्याची एकुलती एक मुलगी. दोर वळताना डाव्या हाताने वाख सोडायची म्हणून बापाने लाडाने ते नाव पाडलं आणि गावाने ते उचललं. नवऱ्याला गाव म्हणायचं जावई. घरजावई होऊन आला तेव्हा त्याच्या पायात धड चपला नव्हत्या, आता कानाजवळचे केस पिकले, तरी गावाच्या लेखी तो जावईच. वाण्याकडे जावई, न्हाव्याकडे जावई, भांडणात तर हटकून जावई. लग्न झाल्या झाल्या त्याने डावीला बजावलं होतं, "गावाचं तोंड मला धरता येत नाही. पण तुझ्या तोंडून ते ऐकायचं नाही मला." डावीने ते पाळलं. रागाने लाल झाली तरी तो एक शब्द तिने कधी काढला नाही.

धंदा असा की एकट्याने होण्यातला नव्हे. घरामागे बापाची लांबलचक सरळ वाट होती, खडा न खडा वेचून तुळतुळीत केलेली. तिच्या एका टोकाला झाडाच्या सावलीत चाक. एकाने तिथे बसून चाक फिरवायचं. दुसऱ्याने घायपाताच्या कुजवलेल्या पानांचा धागा, म्हणजे वाख, कमरेला गुंडाळायचा, त्याचं टोक चाकाच्या आकड्याला अडकवायचं, आणि बोटांतून वाख सोडत, चाकाकडे तोंड करून, मागे मागे चालत जायचं. चाक पीळ देतं, बोटं जाडी राखतात आणि माणूस उन्हात उलट्या पावलांनी सरकत राहतो. लग्नापासून चाकावर जावई आणि उन्हात डावी. वाखाने अंगाला खाज सुटते असं जावई पहिल्याच दिवशी म्हणाला होता. खाज डावीलाही सुटायची, पण तिला कुणी विचारलं नव्हतं.

वाटेच्या दुसऱ्या टोकाला पानं कुजत घालायचा हौद होता, जमिनीला लागून, बिनकठड्याचा. मागे चालणाऱ्याला तो दिसत नाही, म्हणून चाकावरच्याने नजर ठेवायची आणि टोक जवळ आलं की ओरडायचं, "कड आली." मागे चालणाऱ्याने मान वळवायची नाही. मान वळली की हात हलतो आणि पेड बिघडतो. बापाने डावीला हे शिकवलं तेव्हा तिच्या कमरेला वाखाचा भारा पेलतसुद्धा नव्हता. तेव्हापासून तिने मागे म्हणून पाहिलं नाही.

त्या दिवशी दोर घ्यायला आलेली गिऱ्हाइकं वाटेच्या कडेला उभी होती. डावी आपल्या नादात मागे येत होती. टाच टेकायला गेली आणि खाली जमीनच नव्हती. कुजक्या पानांचा लगदा नाकातोंडात गेला. ती वर आली तेव्हा केसांतून हिरवट पाणी गळत होतं, लुगडं अंगाला चिकटलं होतं, आणि वाटेच्या त्या टोकाला जावई चाकावर रेलून पोट धरून हसत होता.

"ओरडला का नाहीत?" तिने विचारलं.

"अगं, लक्षच नव्हतं," जावई म्हणाला, आणि डोळे पुसून पुन्हा हसला.

त्यानंतर त्याचं काहीतरी बिनसलंच. जेवण अळणी लागायला लागलं. ती घोरते म्हणून तो अंगणात झोपायला लागला. मूल झालं नाही हा विषय दोघांनी कधीच मिटवून टाकला होता, तो त्याने पुन्हा उकरून काढला. डावीने ऐकून घेतलं. आणि एका संध्याकाळी ताट बाजूला सारून तो म्हणाला, "आपलं काही जमत नाही. उगाच एकमेकांचा जीव खाण्यापेक्षा रीतसर वेगळं झालेलं बरं."

"आणि वाट?"

"वाट तुझ्या बापाची. ती तुला. घर तुला. मी माझी ट्रंक तेवढी उचलतो."

वाट कागदावर जावयाच्या नावाने होती. जावई पोरीला सांभाळील या आशेने म्हाताऱ्याने मरायच्या आधी ती त्याच्या नावावर करून दिली होती. ती हा माणूस आपण होऊन सोडतो म्हणतो. गावाने तोंडात बोट घातलं. एवढ्या दिलाचा माणूस आणि आपण त्याला जन्मभर जावई म्हणून चिडवलं, असं वाणीसुद्धा म्हणाला. डावी रडली आणि दोघांच्या संमतीच्या कागदावर सही केली. त्यात एक ओळ होती, की दोघांपैकी कुणाकडे याखेरीज काही नाही. जावयाने सही करताना पेन जरा जास्तच दाबलं होतं, हे तिला पुढे आठवलं.

तो शहरात खोली घेऊन राहिला. चाकावर आत्या बसायला लागली. आत्या म्हणजे बापाची थोरली बहीण, बहिरी आणि फटकळ. नजर अधू म्हणून धोका नको, असा विचार करून ती डावी अर्ध्या वाटेवर असतानाच "कड आली" म्हणून बोंब ठोकायची. दोर आखूड व्हायचे. डावी म्हणायची, "आत्या, अजून पुष्कळ जागा आहे." आत्या म्हणायची, "पडलीस तर मी नाही उतरणार त्या घाणीत." काम रखडायचं, पण दोघींचं पोट भरत होतं.

दोर विकायला डावी बाजारात गेली तेव्हा कोपऱ्यावरच्या तिकीटवाल्याने तिला हाक मारली. खोक्यावर बसून लॉटरीची तिकिटं विकायचा तो.

"काय बाई, एवढं घबाड लागलं आणि आम्हाला साधा चहा नाही?"

"कसलं घबाड?"

तिकीटवाल्याने जीभ चावली. पण आता अर्धं तोंडाबाहेर पडलंच होतं. "जावयांनी सांगितलं नाही? मोठा नंबर लागला की त्यांना. माझ्याच हातचं तिकीट. त्या दिवशी त्यांच्याकडे सुटे नव्हते. म्हणाले, ही दोरी घे आणि एक तिकीट दे. मला तिकिटं टांगायला दोरी हवीच होती. अजून ढिली पडली नाही बघा."

डोक्यावर आडवी बांधलेली दोरी होती ती. डावीने हात वर करून तिला बोट लावलं. पीळ डावीकडचा. साऱ्या बाजारात असा पीळ एकीचाच.

दोर वळणाऱ्यांत एक रीत असते. दोर मापात कापून झाला की जे उरतं त्याला शेपूट म्हणतात, आणि शेपूट मागे चालणाऱ्याचं. दोराची किंमत दोघांची, शेपूट मात्र ज्याच्या टाचा झिजल्या त्याचं. बापाने स्वतः चाकावर बसून डावीला तिची शेपटं दिली होती. ती दाराआडच्या पोत्यात ठेवायची आणि विकून स्वतःपुरता साबण, चप्पल, कंगवा घ्यायची. त्या पोत्यात जावयाने हात घातला होता.

"निकाल कधी लागला?" तिने विचारलं.

"तुम्ही हौदात पडलात ना, त्याच्या आदल्या दिवशी."

चोरी डावीला एकवेळ सोसली असती. नवरा बायकोच्या पोत्यात हात घालतो, त्यात नवल ते काय. पण एवढं खिशात घेऊन तो चाकावर बसला होता, ती मागे मागे येताना बघत होता, आणि हसला होता. तो हौदच तिला बाजारात उभ्या उभ्या पुन्हा नाकातोंडात गेल्यासारखा झाला. दोर तिथेच टाकून ती बाजारातल्या एका वकीलबाईंच्या पायऱ्या चढली.

वकीलबाई हुशार होत्या. बातमी ऐकून त्यांनी आधी संमतीचा कागद मागवून पाहिला आणि मग चष्मा काढून म्हणाल्या, "फार बरं झालं. लपवलंय त्यांनी. अर्धं तुमचं."

"अर्धं कसं? तिकीट माझ्या शेपटाचं आहे."

वकीलबाईंनी शेपटाची रीत नीट ऐकून घेतली. "कायद्याला शेपूट कळत नाही हो. संसारात आलं ते दोघांचं. अर्ध्यावर समाधान माना."

"माझ्याच मालातलं अर्धं मला देणार, म्हणजे उपकारच की," डावी म्हणाली. समाधान मानायला ती आलीच नव्हती. तिला तो सगळा पैसा हवा होता, आणि पैशापेक्षाही जावयाच्या हातून तो सुटताना त्याचं तोंड कसं होतं ते बघायला हवं होतं. रात्रंदिवस तिला दुसरं काही सुचत नव्हतं. वाख सोडतानासुद्धा तिच्या बोटांत त्याची मानगूट असायची.

कोर्टात जावई नवा शर्ट घालून आला होता. तिकीट मी घेतलं, माझ्या नशिबाने लागलं, एवढंच तो म्हणत राहिला. न्यायाधीश थकलेले गृहस्थ होते. त्यांनी कागदावरची ती ओळ त्याच्याकडूनच मोठ्याने वाचून घेतली. वाचताना जावयाचा आवाज बसला.

"तुम्ही एकदा लपवलंत," न्यायाधीश म्हणाले. "आता वाटणी तुम्हीच करा. जमीन, घर, पैसा, सगळं एकत्र धरा आणि त्याचे दोन हिस्से मांडा. त्यातला कुठला उचलायचा ते बाई ठरवतील. म्हणजे तुम्ही हात आखडता घेणार नाही."

वकीलबाईंना वाटलं, जावयाचं तोंड पडेल. पण डावीने पाहिलं, ते उलट खुललं. वीस माणसांत नवरा गप्प उभा असला तरी त्याच्या मनात काय चाललंय ते बायकोला कळतं. डावी वाटेशिवाय जगायची नाही, हे तो मनात म्हणत होता.

पुढच्या तारखेआधी तो वाटेवर आला. दुपारची वेळ होती. डावीच्या कमरेला वाख होता, पेड सुरू झाला होता. जावयाने चपला काढल्या आणि आत्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"उठा आत्या, हात दुखतील. मी बसतो जरा."

आत्याने डावीकडे पाहिलं. डावीने मान हलवली. जावई चाकावर बसला आणि चाक पूर्वीसारखं फिरायला लागलं, एका चालीत, गचका न देता. वाख बोटांतून आपोआप सुटत गेला. इतके दिवस आत्याच्या चाकावर ठेचकाळलेले तिचे हात सुखावले. याचा तिला राग आला. ती मागे मागे गेली. हौदाकडच्या झाडाचं मूळ पायाखाली लागलं, म्हणजे टोक आता जवळ.

"कड आली," जावई ओरडला. आवाज खणखणीत, आणि मधासारखा गोड.

डावी थांबली. म्हणजे येत होतं त्याला ओरडायला. हवं तेव्हा लक्षही राहत होतं. हौदात पडताना झाली नव्हती एवढी आग तिच्या अंगाची त्या एका हाकेने झाली.

पेड खुंटाला बांधून ती सावलीत आली. जावयाने स्वतः उठून तिला पाणी दिलं. "झालं गेलं सोडून दे," तो म्हणाला. "मी काही तुझा वैरी नाही. बापाची वाट आहे, तिच्यावर तुझा जीव आहे, मला माहीत नाही का? मी असे हिस्से मांडतो की वाट तुझ्याकडेच यावी. वर थोडी रोख रक्कमही घालतो. तू फक्त पहिला हिस्सा म्हण."

डावीने चाकाच्या खांबावर हात ठेवला. बापाच्या पाठीने तो खांब एका बाजूला गुळगुळीत झाला होता. तिला रडू फुटलं. "वाट तेवढी राहू द्या मला," ती म्हणाली. रडणं खरं होतं. बोलणं खरं की खोटं ते तिचं तिलाही त्या घटकेला ठाऊक नव्हतं. पण त्याने ते खरं धरलं, आणि त्याने तसं धरावं एवढं तिला नक्की हवं होतं.

तो गेल्यावर आत्या म्हणाली, "काय बोलत होता एवढा वेळ?"

"वाट मला देतो म्हणाला," डावी तिच्या कानात ओरडली.

"मग घेशील ना? भावाने पाठ मोडून केलीय ती."

डावी वाख सोडवत बसली. त्या संध्याकाळी ती वाटेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ पावलांनी, पुढे बघत, चालून आली. असं चालायची तिला सवय नव्हती. मधे दोन ठिकाणी पाय अडखळला.

कोर्टात जावयाने हिस्से वाचून दाखवले. पहिल्यात वाट, घर, चाक, हौद, बांधावरची सगळी घायपातं आणि वर थोडी रोख रक्कम. दुसऱ्यात लॉटरीचा बाकीचा सगळा पैसा. वाचून झाल्यावर त्याने डावीकडे पाहून किंचित मान हलवली, गुरुजी लाडक्या पोराला उत्तर सुचवतात तशी.

"बाई, कुठला?" न्यायाधीशांनी विचारलं.

डावीला बाप दिसला. उकिडवा बसून खडे वेचणारा, वेचलेला खडा लांब भिरकावणारा.

"दुसरा," ती म्हणाली.

"नीट ऐकलंत ना? वाट पहिल्यात आहे."

"ऐकलं. दुसरा."

जावयाच्या तोंडाचा रंग उतरत गेला, आधी ओठांचा, मग गालांचा. डावीने डोळ्याचं पातं न लववता ते पाहिलं. याच्यासाठीच ती आली होती.

"अगं, बापाची वाट आहे ती," तो म्हणाला. "वेड लागलं का तुला?"

"तुमच्या नावावर दिली होती ना त्यांनी. राहू दे तुमच्याकडेच," डावी म्हणाली. "चाक आहे, सावली आहे. बसा फिरवत."

ती आणि आत्या शहरात दोन खोल्यांत राहायला गेल्या. खाली कपड्यांचं दुकान, वर या दोघी. नळाला पाणी, भिंतीला रंग, आणि हाताला काम नाही. डावी टॉवेलाच्या दशा वळत बसायची, वळून झाल्या की उकलून पुन्हा वळायची. गावाकडून कुणी ना कुणी यायचं आणि जावयाच्या बातम्या सांगायचं. बातमी आली की डावीला दोन घास जास्त जायचे. नाही आली की दिवस उलटता उलटत नसे.

बातम्या तशा चवीच्याच होत्या. घबाडाच्या भरवशावर जावयाने शहरात आधीच हात सैल सोडला होता, त्यात ती वरची रोकड गेली. त्याने वाट विकायला काढली, पण त्या लांबट पट्ट्यावर घर बांधता येईना की काही पेरता येईना, आणि दोर वळणारं गावात दुसरं कुणी नव्हतं. मग त्याने मागे चालायला एक गडी ठेवला. गडी उजवा, आणि जावयाचा हात जन्मभर डावीसाठी उलट्या बाजूने चाक फिरवून बसलेला. सांगून सवरूनही चाक उलटंच फिरायचं. पहिला दोर बाजारात गेला तो एका ट्रकवर माल बांधताना उकलला आणि भर रस्त्यात पोती फुटली. ट्रकवाल्याने येऊन चार माणसांत जावयाच्या गळ्यात तो दोर घातला आणि म्हणाला, "जावई, सासऱ्याचं नाव बुडवलंस." गडी पळाला. शेवटी जावयाने चाकावर रोजाने माणूस बसवला, सवयीने त्यालाही उलटंच फिरवायला शिकवलं आणि वाख स्वतःच्या कमरेला बांधला. हे ऐकलं त्या दिवशी डावीने आत्याला नवी चादर आणली.

पण आत्याला शहरातली गादी सोसत नव्हती. "पाठ बुडते," ती कण्हायची. "माझी खाट आण. भावाने विणलेली. माणूस पाठव नाहीतर स्वतः जा." डावीने पुष्कळ दिवस टाळलं. मग एक दिवस हातगाडीवाल्याला घेऊन ती गेली. हातगाडी रस्त्यावर थांबवली आणि बांधावरून, घायपातांच्या मधून, हौदाच्या बाजूने ती वाटेवर उतरली.

ऊन रणरणत होतं. लांब सावलीत चाकावरचा माणूस मान छातीवर टाकून पेंगत होता, हात तेवढा फिरत होता. आणि जावई मागे मागे येत होता. इतक्या वर्षांत त्याची पाठ अशी आपल्याकडे येताना तिने पाहिली नव्हती. शर्ट काढलेला, खांदे करपलेले, कमरेला वाखाने चट्टे उठलेले, ते खाजवून फोडलेले. टाचांच्या भेगांत माती भरली होती. पाऊल टाकताना तो चाचपडत होता, आणि पेड वाकडातिकडा येत होता.

त्याची टाच मुळावर पडली. इथे ओरडायचं असतं. डावीच्या जिभेवर ते आलंच होतं. विचार न करता येणारी गोष्ट होती ती, ठसका लागावा तशी. तिने दात आवळले. चाकावरच्याची मान वर झाली नाही. जावयाने आणखी एक पाऊल टाकलं, आणखी एक, आणि मग खाली जमीन नव्हती.

वर आला तेव्हा त्याच्या डोक्यावर कुजकं पान होतं. त्याने डोळ्यांवरचं पाणी निपटलं आणि काठावर उभी असलेली बाई कोण ते त्याला दिसलं.

"कड आली, जावई," डावी म्हणाली.

जन्मात पहिल्यांदा तिने त्याला तसं म्हटलं. ट्रकवाल्याने गळ्यात दोर घातला तेव्हाही तो एवढा लहान दिसला नसेल. डावीने हे हसू कितीतरी दिवस सांभाळून ठेवलं होतं. ती हसली, मोठ्याने हसली. पण वाटेच्या कडेला गिऱ्हाइकं नव्हती, हसायला दुसरं कुणीच नव्हतं, आणि तिचं हसू लवकर संपलं.

जावयाच्या हातून सुटलेल्या पेडाचं टोक मातीत वळवळत होतं, पीळ भराभर सुटत होता. डावीने वाकून ते उचललं. उचललं हे तिला उचलल्यावर कळलं. ताण लागला तसा चाकावरचा माणूस वर न बघताच फिरवत राहिला. चाक अजून तिच्याच बाजूने फिरत होतं. पीळ नेमका तिच्या डाव्या बोटांत येऊन बसला. बोटांनी जाडी धरली आणि पाय आपोआप एक पाऊल मागे गेला.

मग ती थबकली. सांगणारं कुणी नव्हतं. तिने मान वळवून मागे पाहिलं. हौदाची कड टाचेला लागून होती, आणि खालून जावयाने वर हात केला होता.

"हात दे," तो म्हणाला. "पाय रुतलेत माझे."

मान वळली तसा डावीचा हात हलला होता. पेडात गाठ पडली होती. तिने बोटं उघडली. पेड सुटला, आणि तिच्यापासून चाकापर्यंत सगळा उकलत गेला. ती घरात गेली आणि आत्याची खाट तिने एकटीनेच ओढत बाहेर काढली.